तळ्यात पाणी येतं कुठनं

बाजूच्या गावातली पोरं भेटली की आम्ही गावकऱ्यांनी नीट केलेल्या आमच्या तळ्याबद्दल हमखास तीन प्रश्न विचारतात. परमिशन कुणाची घेतलासा, पैसे कुठनं आले, जेसीबी कुणाचा. मी सगळ्यांना एकच सांगतो, बाबांनो हे तिन्ही नंतरचं, आधी भर पावसात वर माळावर जावा आणि बघा तुमच्या तळ्यात पाणी येतं कुठनं आणि आता का येत नाही. तोंडी सांगताना कागदपत्रांची नावं राहून जातात आणि सगळ्यांचं काम नेमकं तिथंच अडतं, म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसलोय.

गाव आमचं बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव ओलांडून पुढं, चंदगड तालुक्याची हद्द जवळच. लाल माती, रताळी, भात, भुईमूग, थोडी नाचणी. जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की घरातली भिंतसुद्धा घाम सोडते, आणि तरी एप्रिल-मेला आमच्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण उतारच असा आहे की पडलेलं पाणी माळावरनं सरळ ओढ्याला, तिथनं मार्कंडेय नदीला आणि पुढं गोकाककडं घटप्रभेला. गावात थांबायला त्याला जागा म्हणजे आमचं तळं, साडेतीन एकराचं, आणि तेच दिवाळीला कोरडं पडायला लागलेलं. बोअर मारून बघितले लोकांनी. वर जांभा आणि लाल माती, खाली काळा पाषाण, एखाद्याला लागतं पाणी, बाकीच्यांचा पैसा जमिनीत जातो.

बेळगाव शहराला राकसकोप धरणाचं पाणी आहे, हिडकल धरणाचं आहे. खरं तर शहरसुद्धा कधीकाळी स्वतःच्या जमिनीतलं पाणी बघायचं. 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खणली, ती काँग्रेस विहीर आजही तिथं आहे. आमच्यासारख्या खेड्याला मात्र आपलं तळं आणि आपली विहीर सोडून दुसरं काही नव्हतंच, आणि तेच आपण बघायचं सोडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर सुरुवात झाली ती श्रमदानाच्या बैठकीत. तरुण मंडळाची पोरं गाळ काढायचा म्हणून तयार होती, एका रविवारी सगळे देवळात जमलो, आणि आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होते ते म्हणाले, "गाळ काढून काय करूलासा रे, वरचं पाणीच वळवलंय की." पोरं गप्प. मी विचारलं कुठं वळवलंय तात्या, तर म्हणाले, "असं सांगून कळायचं नाही, मोठा पाऊस लागू दे, दावतो."

जुलैत मोठा पाऊस लागला, मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतनं नाईट करून आलो होतो तसाच प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन तात्यांच्या मागनं निघालो. तळ्यापासनं उलटं, चढावर. माळावरनं पाणी येत होतं, तांबडं लाल, फेसाळ, चांगलं गुडघ्याला लागेल एवढं, आणि मला वाटलं हे तर सगळं तळ्याकडंच चाललंय. एका शेताच्या कोपऱ्यावर तात्या थांबले आणि काठीनं दाखवलं. तिथं ओहोळ बुजवून वर मुरूम टाकून ट्रॅक्टर जायला रस्ता केलेला, बांध उंच केलेला, आणि एवढं सगळं पाणी तिथं येऊन काटकोनात वळत होतं, रस्त्याकडेच्या चरीत पडत होतं आणि तळ्याला वळसा घालून खालच्या नाल्याला जात होतं. रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला जुन्या ओहोळाची जागा स्पष्ट दिसत होती, दोन्ही काठाला करंज आणि जांभळीची झाडं रांगेत, मध्ये गवत, आणि पाण्याचा थेंब नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. नंतर ऑफिसात, पंचायतीत, भावकीत, सगळीकडं त्या व्हिडिओनं जेवढं काम केलं तेवढं आमच्या कुणाच्या बोलण्यानं झालं नाही, त्यामुळं सांगतो, पाऊस चालू असताना जावा, उन्हाळ्यात जाऊन काही दिसत नाही.

आता कागद. दिशांक म्हणून कर्नाटक सरकारचं अॅप आहे, मोबाईल घेऊन शेतात उभं राहिलं की आपण कुठल्या सर्व्हे नंबरात आहोत ते दाखवतं. ते पुरावा म्हणून चालत नाही, थोडं इकडंतिकडं होतं, पण नंबर कळला की पुढची वाट मोकळी. त्या नंबरची पहाणी काढली. पहाणी म्हणजे आरटीसी, महाराष्ट्रातल्या लोकांना सातबारा म्हटलं की कळेल. तिच्यात क्षेत्राच्या रकान्यात एकूण क्षेत्र असतं आणि त्याखाली फूट खराब, त्यात अ खराब आणि ब खराब असे दोन भाग. बहुतेक लोक खराब म्हणजे पडीक एवढंच समजतात आणि पुढं बघत नाहीत. पण फरक मोठा आहे. अ खराब म्हणजे शेतीला निरुपयोगी, खडक वगैरे. ब खराब म्हणजे सार्वजनिक कामासाठीची जागा, रस्ता, पायवाट, किंवा मालकाशिवाय इतर लोकही वापरतात असं तळं, ओढा. 1966 च्या कर्नाटक लँड रेव्हेन्यू रूल्समध्ये हे स्पष्ट दिलंय. आमच्या त्या सर्व्हे नंबरात काही गुंठे ब खराब लागलेले होते. म्हणजे शेत मालकाचं, पण ओहोळ गावाचा.

हे वाचून मला रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला, पण पहाणीवरनं ओहोळ नेमका कुठनं जातो ते कळत नाही, त्याला गाव नकाशा लागतो आणि मूळ सर्व्हेचं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेला शेताचा कच्चा नकाशा लागतो. आमचा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने कागद त्या वेळच्या पद्धतीचे, टिपण, आकारबंद, फाळणी, हे शब्द आमच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहेत. नकलेसाठी एका ऑफिसात अर्ज दिला, तो नुसता पडून राहिला. आज साहेब नाहीत, उद्या रेकॉर्ड रूम बंद, परवा सर्व्हर डाऊन. शेवटी आरटीआय टाकला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. आपली माणसं तीन पानं रामायण लिहितात आणि अर्ज परत येतो. आम्ही एवढंच मागितलं, अमुक सर्व्हे नंबरच्या टिपणाची आणि गाव नकाशाची प्रमाणित नक्कल, आणि तळ्याच्या सर्व्हे नंबरची हद्द शेवटची कधी मोजली त्याची नोंद. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, लगेच पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील केलं, आणि अपिलाची तारीख लागायच्या आधीच नकला मिळाल्या. चिडायचं नाही, तारखा लिहून ठेवायच्या आणि पोचपावती जपायची.

सगळे अर्ज कन्नडमध्ये दिले. गावच्या कन्नड शाळेतल्या सरांनी संध्याकाळी बसून लिहून दिले, एक रुपया घेतला नाही, उलट कुठल्या टेबलाला कुणाला भेटायचं तेही सांगितलं. आमच्या भागात भाषेवरनं जे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यातलं दुःख मलाही आहे. पण या कामात मराठी-कन्नड असा भेद एकदाही आडवा आला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

नकाशा हातात आला तेव्हा देवळातल्या कट्ट्यावर पसरून सगळे वाकून बघत होतो. माळावरनं निघालेली बारीक दुहेरी रेघ, शेताच्या मधोमध वळणं घेत थेट तळ्याच्या वरच्या तोंडाला. तात्यांनी चष्मा लावून त्या रेघेवरनं बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलेली जागा बरोबर तिथंच आली.

पंचायतीत विषय मांडला, पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी मॅडमनी ठराव घ्यायला सांगितला, ग्रामसभेत ठराव झाला की तळं आणि ओहोळ दोन्हीची मोजणी व्हावी. सरकारी जागेची हद्द मोजायची तर ठराव जोडून तहसीलदारांमार्फत जावा असं आम्हाला सांगितलं, तसं केलं. अर्जात सुप्रीम कोर्टाच्या 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालाचा उल्लेख केला. गावची तळी, गायरान अशा सामाईक जागांवरची अतिक्रमणं काढायची योजना सगळ्या राज्यांनी करावी असं त्यात म्हटलंय. तो निकाल जोडल्यावर फाइल हलली असं मला वाटतं, निदान त्यानंतर कुणी आम्हाला उगाच फिरवलं नाही.

सर्व्हेअर आले, मोजणी झाली, दगड रोवले. आणि आता खरी अवघड गोष्ट. ज्यांनी ओहोळ बुजवला ते आमच्याच भावकीतले, लग्नाकार्याला एका पंगतीला बसणारे. कायद्यानं सरकारी जागा अडवली तर खटला होऊ शकतो, कर्नाटक लँड रेव्हेन्यू अॅक्टचं 192-ए कलम आहे, काही पोरं म्हणत होती सरळ जेसीबी लावून फोडूया. मी आणि वयस्कर मंडळी नको म्हणालो. आप्पांना, म्हणजे त्या शेतमालकांना, घरी जाऊन भेटलो. ते पहिल्यांदा चिडले, मग म्हणाले, "दरवर्षी ओहोळानं माझं हातभर रान खाऊन जायचं, तवा एकजण तरी आलासा काय बघायला?" त्यांचं म्हणणं खरं होतं. काठ ढासळून त्यांची माती वाहून जायची, गावानं कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि ट्रॅक्टर न्यायला त्यांना दुसरी वाटच नव्हती. म्हणून ठरलं असं की ओहोळ नकाशाप्रमाणं मोकळा करायचा, त्यांच्या रस्त्याखाली मोठे सिमेंट पाईप दोन बाजूबाजूला टाकायचे, आणि त्यांच्या रानाच्या दोन्ही काठाला दगडी पिचिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून दगडांचं अस्तर, गावानं करून द्यायचं. पाईपला वर्गणी काढली, दगड माळावरचाच. आप्पा स्वतः उभे राहून काम करून घेत होते. केस घातली असती तर अजून तारखा चालू असत्या आणि भावकी कायमची तुटली असती, हे माझं ठाम मत आहे. पण तेही सांगतो, नकाशा आणि मोजणीचा कागद हातात नसता तर ते बोलायला बसलेच नसते.

ओहोळ मोकळा झाल्यावरच गाळाला हात लावला. नरेगातनं, म्हणजे रोजगार हमीतनं काम घेतलं. तेव्हा फॉर्म नंबर 6 भरून कामाची मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम द्यावं लागायचं. मजुरी 2024-25 ला कर्नाटकात दिवसाला 349 रुपये होती. कामाला महिला संघातल्या बायका जास्त, पुरुष कमी. दिवसातनं दोनदा अॅपवर हजेरीचा फोटो लागायचा आणि आमच्याकडं रेंज नाही, त्यामुळं मेट अक्का, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारी बाई, मोबाईल घेऊन बांधावर चढून उभी राहायची, त्या फोटोपायी बायकांची मजुरी अडकायची भीती कायम. हे बदललं पाहिजे, उन्हात राबणाऱ्या बाईचा रोज रेंजवर अवलंबून ठेवणं बरोबर नाही.

गाळ किती काढायचा याबद्दल बरेच लोक चुकीचं सांगतात. जेवढं खोल तेवढं पाणी जास्त, असं नसतं. आम्ही आधी तीन जागी खड्डे घेऊन बघितलं. वर काळपट मऊ गाळ, हातात घेतला की लोण्यासारखा, वास मारणारा. त्याखाली पिवळसर चिकण मातीचा घट्ट थर, कुदळ मारली की खणकन आवाज नाही, नुसती रुतते आणि ओढून काढावी लागते. तो थर तळ्याचा तळ, पाणी धरून ठेवणारा. तो फोडला की खाली मुरूम आणि सगळं पाणी पाताळात. कॉन्ट्रॅक्टरला मुरूम हवा असतो म्हणून तो खोल जायला बघतो, तिथं गावानं उभं राहायला पाहिजे. आम्ही चिकण माती दिसली की थांबलो. काठ उभे कापले नाहीत, गुरं उतरतील असा उतार ठेवला. एका बाजूचं लव्हाळं आणि झुडपं तशीच राखली, तिथं पाणकोंबड्या असतात. सांडव्याचे निसटलेले दगड बसवले, आणि बांधावर उगवलेले पिंपळ-उंबर लहान असतानाच काढून दुसरीकडं लावले, कारण मुळं बांधात शिरली की पाणी तिथनं झिरपतं. ओहोळ तळ्यात शिरतो तिथं आधी एक खोल खड्डा ठेवलाय, माती तिथं बसते आणि दर मे महिन्याला तेवढाच उपसायचा.

गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं नेला. भातवाल्यांनी आणि मुरमाड रान असलेल्यांनी भरपूर नेला, रताळीवाल्यांनी जपून, कारण रताळ्याला भुसभुशीत माती लागते, चिकट गाळ जास्त झाला तर वेल वाढतो आणि खाली कंद बारीक राहतात.

पहिल्या पावसाळ्यात तळं सांडव्यावरनं वाहिलं. पण खरी परीक्षा तळ्याखालच्या विहिरीत. आमची जुनी दगडी विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या, आणि गावातल्या बायका पाण्याचा हिशोब पायऱ्यांवर करतात. आधी होळीपर्यंत सगळ्या पायऱ्या उघड्या पडून खालचा खडक दिसायचा. त्या वर्षी होळीला आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली अजून पाच पायऱ्या पाण्यात हायत. टँकर मागवला नाही असं मी म्हणत नाही, मे अखेरीस मागवलाच, पण आधी मार्चपासनं लागायचा.

पाणी आलं तसा पुढचा प्रश्न आला, ते स्वच्छ आहे का. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग असतं, आमच्याकडं वहिनी त्यात आहेत. त्यात एक छोटी बाटली असते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून एक-दोन दिवस ठेवायची, पाणी काळं झालं तर त्यात घाणीचे जंतू. तळ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीची बाटली तशीच राहिली, आणि गल्लीचं गटार जिथं तळ्याला मिळतं त्या बाजूच्या विहिरीची दुसऱ्या दिवशी सकाळीच शाईसारखी काळी. वहिनींनी ती बाटली ग्रामसभेत टेबलावर आणून ठेवली. त्याच्यानंतर गटाराचं तोंड वळवून दोन शोषखड्डे झाले, आणि तोवर त्या विहिरीचं पाणी उकळून प्यायचं असं घरोघरी जाऊन सांगितलं.

गणपतीचं म्हणाल तर त्याला वेळ लागला. मंडळाची मूर्ती उंच पाहिजे, उंच म्हटलं की पीओपी आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनांमध्ये पीओपीला मनाई आहे हे वाचून दाखवलं, पण नियम वाचून पोरं ऐकत नाहीत. तात्यांनी त्यांना एवढंच विचारलं की गाळ तुम्हीच काढलासा न्हवं? यंदा मंडळाचा गणपती शाडूचा होता, आणि घरगुती मूर्तींसाठी बांधाखाली वेगळा हौद केलाय. दोन-चार घरं अजून तळ्यातच सोडतात, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

आमच्या जिल्ह्यात पाणी म्हटलं की लोकांना म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा वाद आठवतो. 2018 ला लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, तिकडं खानापूरला ते पाणी वळवायच्या प्रकल्पात कणकुंबी-भीमगडचं जंगल जाऊ नये म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे, मलप्रभा त्याच रानातनं निघते, रान गेलं तर नदी कुठनं राहणार. पण त्या मोठ्या लढ्याची वाट बघत आपल्या गावचा ओहोळ तसाच बुजलेला ठेवायचा असं नको.

सध्या आमचं काम वरच्या माळावर आलंय. शहर वाढत इकडं सरकायला लागलंय, माळावर प्लॉट पाडायच्या गोष्टी चालू आहेत, दोन सर्व्हे नंबरांचे एनएचे, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायचे, अर्ज पडलेत असं कळलं. तिथं घरं झाली तर माळावरचं पाणी मुरणार नाही आणि सांडपाणी मात्र थेट ओहोळाला येणार. आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी हरकत दिलीय, सोबत टिपण, गाव नकाशा, मोजणीचा कागद आणि तात्यांबरोबर काढलेल्या त्या जुलैच्या व्हिडिओची पेनड्राइव्ह. मागणी एवढीच की परवानगी द्यायचीच असेल तर ओहोळाची ब खराब जागा प्लॅनमध्ये मोकळी दाखवावी आणि सांडपाण्याची सोय आधी करावी. पोच मिळालीय, उत्तर अजून यायचंय. ज्यांच्या गावाच्या वर असे प्लॉट पडायला लागलेत त्यांनी ओहोळाच्या सर्व्हे नंबरची टिपणाची नक्कल आत्ताच काढून ठेवा, एकदा प्लॉटची विक्री झाली की बोलायला माणसं शंभर होतात.